तिच्या पट्टीला चढलेल्या तारा

मी आणि माझ्या बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे सोलापुरी चादर पिळणं. एक टोक तिच्या हातात, एक माझ्या. ती म्हणाली, "जोर लावा की. जन्मभर गिरणी चालवली अन् मनगटात दम न्हाई." चादर खरंच जड होती. वाळत घातली, जेवलो, झोपलो. सकाळी ती उठली नाही. डॉक्टर म्हणाले, झोपेतच हृदय थांबलं.

आता आधीच सांगतो, असल्या सदरातल्या गोष्टी मी कधी खऱ्या मानल्या नाहीत. तुमचं मासिक माझ्या गिरणीवर येतं. दळण होईस्तोवर लोक वाचत बसतात, मीही वाचलंय आणि हसलोय... पांढऱ्या साडीतली बाई, उलटे पाय! आमच्या देवळामागं कब्रस्तान आहे. लाईट गेली तरी मी त्यातूनच घरी जातो. आजवर कुत्र्याशिवाय कुणी भेटलं नाही. शिक्षण माझं चौथीपर्यंत, लिहिण्यात चुका असतील. पण घडलं तेवढंच लिहून राहिलो.

जागा सांगतो. देगलूर. आमचं देऊळ – आम्ही ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणतो – जुनं दगडी आहे, वर पत्रे. समोर रस्ता, रस्त्याच्या पलीकडं माझी पिठाची गिरणी. देवळात डावीकडं बाया आणि उजवीकडं माणसं, सगळे सतरंजीवर. पेटी वाजवणारा कुणी नाही. म्हणून गीत कुणीतरी उचलावं लागतं, म्हणजे पहिली ओळ एकट्यानं म्हणायची, बाकीच्यांनी मागनं यायचं. आमच्याकडं ते काम माझ्या बायकोचं, मार्थाबाईचं. आणि ती लई वर उचलायची. गिरणीच्या घरघरीवरून मला हाका मारून मारून तिची पट्टीच वर गेली होती. दुसऱ्या ओळीला माणसांचे आवाज फाटायचे. आमचे पाळकसाहेब, म्हणजे पाद्री, म्हणायचे, मार्थाबाई, जरा खाली घ्या, इतक्या वर आम्हाला मेल्यावरच जायचंय. ती तोंडाला पदर लावून हसायची. पुढच्या रविवारी पुन्हा तितकंच वर.

माझं दुखणं वेगळंच होतं. तिला जाऊन वर्ष व्हायच्या आत मला तिचा आवाज आठवेना. बोललेलं सगळं आठवतं, शब्द न् शब्द. पण ते माझ्याच आवाजात ऐकू येतं. फोटो आहे, लुगडी आहेत, चष्मा आहे. आवाज नाही. पोरगी कृपा अहमदपूरला दिलीय. एक दिवस तिचाही फोन आला – बाबा, आईचा आवाज कुणाच्या मोबाईलमधी हाय का, माझ्या ध्यानात राहिना झालाय. कुठून असणार? मोबाईल समोर धरला, नव्हे, कुणी नुसतं वळून तिच्याकडं बघितलं, तरी ती पदर तोंडाला लावून गप्प व्हायची. कृपा फोनवर रडली. तिला द्यायला माझ्याकडं काहीच नव्हतं.

देवळात जाणं मी सोडलं होतं. पाळकसाहेब आता मोबाईलवर गीत लावतात. ते ऐकवत नाही.

गेल्या उपवासकाळात, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या दिवसांत, एका शुक्रवारी पाळकसाहेब गिरणीवर आले. म्हणाले, हैदराबादहून चारजण आलेत, तारांची वाद्यं वाजवणारे. दोन व्हायोलिनं, एक त्याहून थोडं मोठं आणि एक माणसाएवढं, गुडघ्यांत धरून वाजवायचं. परदेशातल्या देवळांतलं जुनं पवित्र संगीत, संध्याकाळी आपल्या देवळात. तर दुपारपासून गिरणी बंद ठेवा, त्यांना सराव करायचाय. ठेवली बंद.

गिरणी थांबली की कानाला कसंतरीच होतं. मला तसं ऐकू कमीच येतं. पण त्या शांततेत तारा जुळवायचा आवाज रस्ता ओलांडून यायला लागला. जुळवायचे, थांबायचे, पुन्हा जुळवायचे. लई वेळ तेच. वाजवणं सुरूच होईना. मग फाटकन काहीतरी तुटलं आणि कुणीतरी ओरडलं. मी पाण्याचा जग घेऊन गेलो. निमित्त पाहिजे ना.

चौघंही तोंडं पाडून बसली होती. मोठं वाद्य वाजवणारी पोरगी तुटलेली तार काढत होती, मनगटावर लाल वळ उठला होता. हैदराबादी हिंदीत तिनं सांगितलं ते असं, की आम्ही तारा जुळवून ठेवतो आणि त्या आपोआप वर चढतात. खुंटीला कुणी हात लावत नाही. मी म्हटलं, पत्रा तापलाय, उन्हानं होत असंल.

"अंकल, गर्मी से तार उतरती है," ती म्हणाली. "चढती नहीं."

तिनं वाद्याला एक चिमट्यासारखी डबी लावली. तार छेडली की त्यात काटा दिसतो. तिनं छेडली, काटा मधोमध. हात मांडीवर ठेवले. थोडं थांबून पुन्हा छेडली, काटा वर सरकलेला. चारही वाद्यांचं तसंच, आणि चारही सारखीच चढलेली. ठरावीक जागेला जाऊन थांबत होती. देवळात पंखासुद्धा चालू नव्हता. मी जग तिथंच ठेवून बाहेर आलो, पण घरी जाववेना.

सांजच्याला देऊळ भरलं. शाळेचे मास्तर आले, वकील आले, दुसऱ्या धर्माची माणसं आली. मला पुढंच जागा मिळाली. वाजवायला लागले. त्यातलं मला काही कळत नाही, पण चौघांच्या मानेच्या शिरा दिसत होत्या. एक संपवून दुसरं धरायच्या आधी ती एकमेकांकडं बघायची. तारा हाताखालून चढत असणार, आणि ती बोटं सरकवून सरकवून सांभाळून राहिली होती. आता तुटंल, मग तुटंल, असं वाटत होतं.

शेवटाला आमच्या उपासनेतलं एक गीत होतं. सगळ्यांना बरोबर म्हणता यावं म्हणून पाळकसाहेबांनी मुद्दाम खालची पट्टी ठरवून दिली होती. चौघांनी गज ओढले... आणि गीत लई वर निघालं. पाळकसाहेब जागेवर उठून उभे राहिले. बायांच्या बाजूला बांगड्या वाजल्या. ती पट्टी त्या देवळात एकाच माणसाची होती. कुणी तोंड उघडेना, इतक्या वर कुणाला जमणार?

तेवढ्यात माझ्या मागनं, डावीकडनं, कुणीतरी खाकरलं.

गीत उचलायच्या आधी ती खाकरायची. हेही मी विसरलो होतो. ऐकलं तेव्हा आठवलं. आणि मग आवाज आला.

मी वळलो नाही. भीतीनं नाही. वळलो असतो तर तिनं पदर लावला असता तोंडाला, एवढंच डोक्यात होतं. मान ताठ केली, दोन्ही हातांनी सतरंजी धरून ठेवली. शेजारच्या मास्तरांनी हळूच विचारलं, बरं वाटत नाही का. मी डोळ्यानंच गप्प राहा म्हटलं. एक ओळ झाली. दुसरी झाली. शेवटचा शब्द ती जरा जास्तच ओढायची, तसाच ओढला. मग आवाज थांबला, वाद्यंही थांबली.

नंतर विचारलं सगळ्यांना. मास्तरांनी नुसती वाद्यं ऐकली. बऱ्याच जणांनी नुसती वाद्यंच ऐकली. पण माझ्या बायकोच्या शेजारी बसणारी एलिशिबाबाई मलाच म्हणाली, "कृपा कवा आली हो? आईवानीच उचललं की तिनं." कृपा अहमदपुरात होती. पाळकसाहेब म्हणाले, दगडी भिंतीत आवाज घुमतो. त्यांच्या मोबाईलवर सगळं उतरवलेलं आहे, मी कानाला लावून पुन्हा पुन्हा ऐकलं. चारच वाद्यं आहेत. खाकरणं नाही, गाणं नाही. पट्टी मात्र तीच वरची आहे, ती मोबाईललाही पुसता आली नाही. वाद्यं पेटीत ठेवताना ती पोरगी म्हणाली, तारा आपोआप खाली उतरल्या, पहिल्यांदा लावल्या होत्या तिथंच. मी विचारलं, असं कशानं होतं? ती म्हणाली, झूठ नहीं बोलूँगी अंकल, पता नहीं.

कुणी म्हणेल म्हाताऱ्याच्या मनाचे खेळ. म्हणू द्या. माझ्या मनाला वर्षभर तिच्या आवाजात एक शब्दसुद्धा काढता आला नव्हता. आणि माझ्या मनानं हैदराबादच्या पोरीची तार कशी तुटंल? उत्तर मला आजही सापडलेलं नाही. तुमच्यापैकी कुणाला माहीत असलं तर सांगा, नसलं तर उगा काही जोडू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी गिरणीवर दळणाचे डबे येऊन पडले होते. मी बटन दाबलं नाही. त्या घरघरीत ऐकलेलं पुसून जाईल, अशी धास्ती होती. आधी कृपाला फोन लावला. म्हटलं, काही बोलू नको, नुसतं ऐक. मला गाता येत नाही, कधी आलंच नाही. तरी खाकरलो आणि ती जिथनं उचलायची तिथनं पहिली ओळ उचलली. आवाज फाटला. रस्त्यावरची माणसं थांबून बघायला लागली. तिकडनं कुकरची शिट्टी आणि लेकरांचा गलका तेवढा येत होता. ओळ संपली तरी कृपा बोलेना. मला वाटलं फोन कटला.

"थांबा बाबा," ती म्हणाली. "गॅस बंद करते. मंग पुन्हा म्हणा."