मायचा पहिला शब्द

मॅट्रिकच्या वर्षी देवीपुढे हात जोडून उभी राहिले, की नेमकं काय मागावं हेच मला कळेनासं होई. मार्क मागावेत, तर ते माझ्या अभ्यासाचं काम. कॉलेजात नाव लागू दे म्हणावं, तर हेडमास्तर सांगत होते की त्याची काळजी नको. आणि ज्याची खरोखर काळजी होती ते एका वाक्यात मांडताच येत नव्हतं. शिवाय त्या दिवसांत माझा विश्वासही डळमळला होता. शाळेत पदार्थविज्ञान शिकत होते, प्रयोगाखाली ‘निष्कर्ष’ लिहायची सवय लागली होती. पाषाणाच्या मूर्तीला आपलं गाऱ्हाणं कसं ऐकू जाणार, असा प्रश्न मनात येई, आणि तो आला म्हणून भीतीही वाटे.

आम्ही लोणारचे. गावाबाहेर आमचा भाजीपाल्याचा मळा होता. वांगी, मिरची, सांबार म्हणजे कोथिंबीर, मेथी असं काही ना काही बारा महिने चालू असे. माल बाजारात नेणं आणि विकणं बाबांकडे, आणि मळ्यातलं बाकी सगळं मायकडे. दर मंगळवारी माय मला घेऊन विवराच्या तळाशी, कमळजादेवीच्या दर्शनाला उतरे. बाभळींमधून खाली जाणारी ती निसरडी पायवाट, तळ्याच्या हिरव्या पाण्याचा उग्र खारट वास, आणि पुढे चालणारी माय. वाटभर ती एक शब्द बोलत नसे. तशी ती कुठेच फारशी बोलत नसे. घरात लागतील तेवढे शब्द, आणि परक्या पुरुषासमोर तर पदर तोंडावर ओढून गप्प. आमच्या गल्लीतल्या कित्येक माणसांनी तिचा आवाज ऐकलेलाच नव्हता. ती मुकी आहे की काय, असं एकदा एका नव्या मास्तरांनी मला विचारलंही होतं.

महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. शाळेत मॅट्रिकच्या वर्गात मुली बोटांवर मोजण्याइतक्या, आणि पुढे शिकायचं म्हणणारी मी एकटी. हेडमास्तरांनी एक दिवस बाबांना शाळेत बोलावून सगळं नीट समजावून सांगितलं. जिल्ह्यातल्या कॉलेजात नाव सहज लागेल, सरकारच्या नव्या सवलतीत फीही माफ होईल, पण तिथे मुलींच्या राहण्याची सोय नाही. नागपूरला सोय आहे, पण तिथला खर्च आपल्याला झेपणार नाही. राहता राहिलं अमरावती. तिथल्या एका संस्थेच्या वसतिगृहात हुशार आणि गरजू मुलींना राहणं-जेवणं फुकट मिळतं. मात्र जागा मोजक्या, मागणाऱ्या मुली पुष्कळ, आणि मुलाखतीला पालकांना समक्ष यावं लागतं. “ही पहिल्या वर्गात आली तर दार उघडं आहे असं समजा,” हेडमास्तर म्हणाले. “पण आत घेतीलच, हे मी सांगू शकत नाही.”

आम्ही परत निघालो. वाटेत बाबा एकदम म्हणाले, “तुले डाक्टरीन व्हाचं हाये का मास्तरीन?”

“मले आंधी शिकाचं हाये,” मी म्हणाले.

बाबा हसले. माझे बाबा तसे मोकळ्या मनाचे. पण हसून झाल्यावर त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या, त्या मला दिसल्या. पोरगी परगावी ठेवायची म्हणजे भाऊबंद काय म्हणतील, हे त्यांना माहीत होतं आणि मलाही माहीत होतं. त्या उन्हाळ्यात मी मिरच्या तोडता तोडता मनातल्या मनात सारखा हिशेब मांडत असे. निकाल असा लागला तर असं, तसा लागला तर तसं. जागा मिळाली तर काय, नाही मिळाली तर काय. मांडून मांडून डोकं शिणून जाई, आणि उत्तर रोज वेगळंच येई.

निकाल लागला. मी पहिल्या वर्गात आले. हेडमास्तर स्वतः पेढे घेऊन घरी आले. बाबा ताठ मानेने गल्लीभर सांगत फिरले. मायने माझ्या कपाळाला कुंकू लावलं आणि ती पुन्हा मळ्यात गेली. पाठोपाठ अमरावतीचं मुलाखतीचं बोलावणंही आलं. बाबांनी धोतर धुवून ठेवलं, टोपी परटाकडे दिली. आणि निघायच्या आदल्या दिवशी कडब्याच्या गंजीत त्यांच्या पायाला विंचू चावला.

ते दुखणं मी कधी विसरणार नाही. बाबांसारखा दांडगा माणूस खाटेवर तळमळत होता. वैद्यांनी लेप लावला, जिवाला धोका नाही म्हणाले, पण पाऊल असं सुजलं की जमिनीला टेकवता येईना. संध्याकाळी जरा उतार पडल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. “पुढच्या साली पाहू, बाई,” ते म्हणाले. पुढच्या साली म्हणजे काय, ते आम्हा दोघांनाही कळत होतं. नवससायास, मंगळवार, इतक्या वेळा तळ्यापर्यंत उतरणं आणि चढणं, या सगळ्याचं फळ हे असेल तर देवीला काय म्हणावं? मी मनाशी म्हटलंही, हाच तुझा निष्कर्ष का?

तेवढ्यात चुलीजवळून मायचा आवाज आला. “मी जातो.”

बाबांनी मान वळवली. “तू? अवं, मेहकराच्या पल्याड तू कधी गेली नाही. तिथं कमिटी असते. तू काय बोलशीन तिथं?”

माय भाकरी थापत राहिली. सकाळी पहिल्या बसच्या वेळेला ती भाकरी-ठेच्याचं फडकं घेऊन दारात उभी होती.

लोणारहून मेहकर, मेहकरहून अकोला आणि तिथून अमरावती. प्रत्येक ठिकाणी गाडीची चौकशी मी करायची, तिकिटं मी काढायची. माय माझ्यामागे पदर सावरत उभी. पातूरच्या घाटात गाडी वळणं घेत होती तेव्हा तिने माझा हात घट्ट धरला. ती घाबरली होती. तिच्यापेक्षा मी जास्त घाबरले होते, पण माझी भीती वेगळी होती. माझ्यापुरतं मी बोलून नेईन, एवढी माझी तयारी होती. कमिटीने मायला विचारलं तर? त्या रात्री आम्ही अमरावतीच्या धर्मशाळेत उतरलो, आणि सकाळी अंबादेवीचं दर्शन घेतलं. त्या दिवशी मात्र काय मागायचं ते मला अगदी स्पष्ट कळलं. मी म्हटलं, आई, बाकी मी पाहून घेईन. त्या लोकांनी माझ्या मायला काही विचारू नये, एवढंच कर.

वसतिगृहाच्या व्हरांड्यात पुष्कळ मुली आणि त्यांचे बाप, भाऊ, मामा बसले होते. बायका म्हणून दोनच, माझी माय आणि दर्यापूरकडची एक विधवा बाई. तिच्या मुलीची मुलाखत होऊन गेली होती, आणि ती निकालासाठी थांबली होती. तिने मायकडे पाहिलं आणि सरकून जवळ येऊन बसली.

“पयल्यांदाच आल्या काय, बाई?”

मायने मान हलवली.

“मीबी पयल्यांदाच. आत तीन मानसं हायेत अन् एक बाई हाये. मानसाइकडं पाहूच नोका. त्या बाईकडं पाहून बोला. आपल्यावानीच हाये थे. मी तसंच केलं, मंग मले बोलाले सुधरलं.”

मी त्या बाईकडे पाहतच राहिले. जागा मोजक्या होत्या. तिची मुलगी आणि मी, दोघी त्याच जागांसाठी आलो होतो. आमचं बोलणं फिसकटलं तर तिच्या मुलीचा फायदाच होता. आणि ती आपल्याला गवसलेली वाट माझ्या मायला दाखवत होती. तिची ओंजळभर शेंगदाण्यांची पुरचुंडी आम्ही चौघींनी वाटून खाल्ली.

माझं नाव पुकारलं. आत गेल्यावर माझी मुलाखत छान झाली, हे मला त्यांच्या चेहऱ्यांवरून कळत होतं. मग मधे बसलेले संस्थेचे सेक्रेटरी मायकडे वळले. “वडील का आले नाहीत?”

विंचवाचं मी सांगितलं.

“तुला नाही विचारलं. बाई, तुम्ही सांगा.”

माय खाली पाहत उभी. पदर नाकापर्यंत आलेला. ते थांबले, पुन्हा एकदा विचारलं, पुन्हा थांबले. माणूस वाईट नव्हता, त्याच्या आवाजात चीड नव्हती. “हे पाहा,” ते म्हणाले, “मुलगी हुशार आहे. पण मागे आम्ही अशाच हुशार मुली ठेवल्या आणि घरच्यांनी त्यांना अर्ध्यावरून लग्नासाठी नेलं. दुसऱ्या कुणा मुलीची जागा वाया गेली. घरचं कोणी जबाबदारीने बोलणार नसेल, तर आम्ही मुलगी ठेवून घ्यायची ती कोणाच्या शब्दावर?”

माय गप्प. त्यांनी हातातला कागद बाजूला ठेवला. “बरं. या तुम्ही.”

आम्ही वळलो. दरवाजापर्यंत काही पावलंच होती, पण तेवढ्यात माझ्यातलं सगळं गळून गेलं. सगळे हिशेब, सगळे जर आणि तर. रडूही आलं नाही. मनात देवीला उद्देशून एकच वाक्य उमटलं, आता तुझं तू पाहा. रागाने नाही म्हटलं मी ते. खांद्यावरचं ओझं उतरवून ठेवावं तसं म्हटलं.

आणि माय थांबली. ती मागे फिरली. तिने तोंडावरचा पदर मागे सारला आणि टेबलाच्या कडेला बसलेल्या त्या बाईंकडे सरळ पाहिलं.

“बाईसाहेब, मले शिकल्यासारखं बोलता येत नाही,” माय म्हणाली. आवाज आधी चिरकला, मग लागला. “हे साहेब म्हनते, कोनाच्या शब्दावर ठेवाव. माह्या शब्दावर ठेवा. म्या आजलोक कोनाले शब्द देला नाही. मले कोनी मांगतलाच नाही. हा पयला हाये. थो मोडनार नाही.”

मग त्या बाई किंचित पुढे झुकल्या. “आणि उद्या घरच्यांनी हिचं लग्न ठरवलं, तर?”

“ठरवू द्या,” माय म्हणाली. “पोरीले इथून न्याचं तं त्याइले आंधी माह्याशी बोला लागंन. अन् मी तं आता बोलाले शिकलो.”

बाई मोठ्याने हसल्या. सेक्रेटरीही हसले, आणि त्यांनी बाजूला ठेवलेला कागद पुन्हा पुढे ओढला.

दुपारी नावं वाचून दाखवली. माझं नाव होतं. दर्यापूरच्या त्या मुलीचंही होतं. पुढे आम्ही दोघी एकाच खोलीत राहिलो. नावं ऐकल्यावर आमच्या दोघींच्या आया एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या, आणि त्यांचे बांगड्यांचे आणि बिनबांगड्यांचे हात एकमेकींच्या पाठीवर फिरत होते. मी इतकी अभिमानाने कधी फुलले नव्हते, आणि त्यात माझ्या मार्कांचा वाटा अगदी थोडा होता. माझ्या मायला काही विचारू नये, एवढंच मी सकाळी मागितलं होतं. बरं झालं, देवीने तेवढं ऐकलं नाही. आपल्या मागण्या किती तोकड्या असतात, हे मला त्या दिवसापासून कळत आलं आहे.

घरी आलो तेव्हा बाबा खाटेवर पाय पसरून बसले होते. मी सगळं सांगितलं. त्यांना खरं वाटेना. “हे बोलली?” त्यांनी मायकडे बोट करून विचारलं. “पाहू, पुन्हा सांग.” मी पुन्हा सांगितलं. मायने पाण्याची घागर उचलली आणि लाजून बाहेर निघून गेली. पाय बरा झाल्यावर बाबा पहिल्या बाजाराला गेले, तेव्हा वांग्यांच्या ढिगामागे बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, “आमच्या घरच्या अमरावतीच्या कमिटीशी बोलून आल्या. मी असतो तं मले नसतं साधलं.” भाऊबंदांपैकी जे नाक मुरडणार होते, त्यांना बाबांच्या त्या तोऱ्यापुढे नाक मुरडायला जागाच उरली नाही.

मी पी. यू. सी. झाले, पुढे बी. एस्सी. झाले, आणि मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवण्यात माझं आयुष्य आनंदात गेलं. मायने दिलेला शब्द तिला राखावा लागला. मी दुसऱ्या वर्षाला असताना एक चांगलं स्थळ आलं होतं. बाबाही जरा मऊ पडले होते. माय म्हणाली, “म्या शब्द देला हाये,” आणि तो विषय तिथेच संपला. हळूहळू गल्लीतल्या बायका मुलींची नावं लावण्याचं विचारायला तिच्याकडे येऊ लागल्या. वाचता न येणारी माझी माय कुणाकुणाच्या मुलींबरोबर अमरावतीला जाऊन आली. शाळेत मी विद्यार्थिनींना बाकी सगळे निष्कर्ष शिकवले. अमरावतीच्या त्या दिवसाचा निष्कर्ष मात्र कधी लिहून दाखवता आला नाही, आणि त्याची खंतही वाटत नाही. जे मिळालं ते मस्तकी लावून घ्यावं, एवढं मला समजतं.

म्हातारपणी एकदा तिचे केस विंचरताना मी तिला विचारलं, “माय, त्या दिवशी तुले सुचलं कसं ते?”

“मले कायचं सुचते?” ती म्हणाली. “थे देवी बोलली. बोल सारे तिचेच व्हते.”

“मंग तुहं काय व्हतं त्याच्यात?”



“म्या तोंड उघडलं,” माय म्हणाली. “तेवढं तं आपल्यालेच करा लागते, बाई.”