मामांची पाठ आणि माझा आवाज

ऑफिसातल्या वरिष्ठ बाईंनी येत्या रविवारी पुण्यात गोल्फ खेळायला बोलावलं, तेव्हाच मी नको म्हणायला हवं होतं. "सगळ्यांना खुलं मैदान आहे, कुणीही येतं," असं त्या म्हणाल्या. कुणीही म्हणजे मीसुद्धा, एवढंच मला ऐकू आलं. मग गोल्फची एक जुनी काठी उसनी घेऊन मी सरावाला सासरी आले, ईट गावाजवळच्या आमच्या माळावर.

नवरा मोबाइलवर नियम वाचून दाखवत होता. पुढचे लोक लांब गेल्याशिवाय मारायचं नाही. दुसरा मारत असताना बोलायचं नाही, हलायचं नाही. आपल्या फटक्यानं उखडलेलं गवत आपणच बसवायचं. हे सगळं पटलं. दुसऱ्याच्या रानात गेल्यावर शहाणा माणूस असाच वागतो. शेवटचा नियम मात्र घशात अडकला. चेंडू कुणाकडे जायला लागला, तर तत्काळ जोरात ओरडायचं.

आमच्या घरात सून मामांना, म्हणजे सासऱ्यांना, हाक मारत नाही. काही सांगायचंच असेल तर बांगड्या वाजवायच्या, नाहीतर नवऱ्याकडे बघून बोलायचं. ऑफिसात मी भल्याभल्या पुरुषांना फैलावर घेते, आणि माळावर मेंढ्यांमागे मामा दिसले की माझा आवाज आपोआप खाली येतो. याचा मला रागही येतो, पण तो कुणावर काढायचा ते कळत नाही.

पहिले फटके मातीतच गेले. नवरा हसला, म्हणून पुढचा मी चिडून मारला. तो बसला, पण भलतीकडे वळला. ओघळीतून मेंढ्या वर येत होत्या आणि त्यांच्यामागून मामांचा पटका. मला सगळं दिसत होतं. तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. हात तेवढा हलला आणि बांगड्या वाजल्या.

चेंडू खांद्यावर लागला आणि मामा मटकन खाली बसले. मी धावत त्यांच्यापाशी गेले. खांदा लालबुंद झाला होता. हाच जरा वर, डोक्याला लागला असता तर?

"मी दिसलो व्हतो न्हवं?" त्यांनी विचारलं. मी नवऱ्याकडे बघितलं.

"त्याच्याकडं नगं बगू. मला सांग."

"दिसला होतात."

"मग वरडली का न्हाईस?"

"तुमच्यावर कसं ओरडू, मामा?"

"जीव गेल्यावर तुझा मान घिऊन काय करू? मारायचं तर मार, पर वरडून मार."

ते हात छातीशी धरून उठले, आणि त्याच जागी माझ्याकडे पाठ करून उभे राहिले. नवरा वडिलांना म्हणाला, "दादा, बास करा आता." त्यांनी ऐकलं नाही.

"मार आता. मी मागं बगनार न्हाय."

मला रडूच आलं. मी परत जागेवर येऊन दुसरा चेंडू मांडला. त्यांची पाठ तशीच होती, जरासुद्धा वळली नाही. मी काठी उचलली, डोळे मिटले आणि होता नव्हता तेवढा जोर लावून ओरडले, "मामा, सरका!"

मेंढ्या उधळल्या. कुत्रं भुंकायला लागलं. दुखरा खांदा सावरत मामा झटकन खाली बसले. चेंडूला मी अजून काठी लावलीच नव्हती.