हीटरचा होज

फौजेत चोवीस वर्षं मी व्हेइकल मेकॅनिक होतो. हवालदार म्हणून बाहेर पडलो आणि दिघीत घर घेतलं. सुभेदार दत्तोबा कोंडे आमच्या वर्कशॉपचे साहेब. ते माझ्या आधी निवृत्त झाले आणि चाकणच्या पुढे आपल्या गावी राहायला गेले. दर मंगळवारी मी त्यांच्याकडे जायचो. चहा व्हायचा, जुन्या गोष्टी निघायच्या.

माझी गाडी एकोणीस वर्षांची. त्या आठवड्यात कूलंटच्या, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याच्या, टाकीतली पातळी रोज सकाळी बोटभर खाली दिसत होती. मी वरून पाणी घालत होतो. गळती शोधली नाही. वर्कशॉपमध्ये कुणी असं केलं असतं तर मी त्याला उन्हात उभं केलं असतं.

त्या मंगळवारी साडेदहाला पोचलो. साहेब ओट्यावर बसले होते, शर्ट घामाने भिजलेला. म्हणाले, "शिंदे, डावा हात जड झालाय." गावच्या डॉक्टरांनी जिभेखाली गोळी ठेवली आणि ताबडतोब भोसरीच्या हॉस्पिटलला न्या म्हणाले. अ‍ॅम्ब्युलन्सला फोन केला. ती चाकणच्या चौकात अडकली होती, किती वेळ लागेल ते सांगता येत नव्हतं. साहेबांना मागच्या सीटवर आडवं केलं. त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी, पुढे बसल्या. दहा पन्नासला निघालो.

चाकण ओलांडायलाच अर्धा तास गेला. कंपन्यांचे कंटेनर दोन्ही बाजूंनी, मधून बाइकवाले. फर्स्ट गिअर, ब्रेक, फर्स्ट गिअर. अकरा पंचवीसला कुरुळीच्या अलीकडे टेम्परेचरचा काटा लाल पट्ट्यात गेला. बॉनेटच्या फटीतून वाफ आली.

मी गाडी कडेला घेऊ लागलो.

"थांबू नका भावजी," वहिनी म्हणाल्या. "जाऊ द्या तशीच. जळली तर जळू द्या गाडी."

"वहिनी, दोन किलोमीटरसुद्धा जाणार नाही. इंजिन जॅम होईल."

"मंग मी काय करू? चालत नेऊ यास्नी?"

मागून आवाज आला. "शिंदे. हॉल्ट."

इंजिन बंद केलं. वहिनींनी रस्त्यात उतरून दोन गाड्यांना हात केला. पण पुढची गाडीही तिथंच उभी होती आणि तिच्या पुढचीही.

बॉनेट उघडलं. रेडिएटरच्या झाकणाला हात लावायचा नव्हता. तापलेलं पाणी तोंडावर आलं असतं. आधी गळती शोधायची होती. रेडिएटर खालून कोरडा. वॉटर पंप कोरडा. वरचा होज, म्हणजे रबरी नळी, शाबूत. रस्त्यावर एक थेंब नाही. पाणी जात होतं, पण कुठे ते दिसत नव्हतं. बर्फात, अंधारात गाड्या उघडल्या होत्या, तेव्हा असं कधी झालं नव्हतं.

"साहेब, बाहेर कुठंच लीक नाही."

साहेबांचे डोळे मिटलेले होते. "मग आत बघ," ते म्हणाले.

वहिनींच्या सीटपुढची चटई दाबली. चिकट पाणी वर आलं. बोट नाकाशी नेलं, गोडसर वास. डॅशबोर्डमागचा हीटर फुटला होता. इंजिनचं पाणी दोन होजमधून तिथं जातं आणि परत येतं. हीटरला जाणारं पाणी तोडलं तर गळती बंद. एक होज पूर्ण काढायचा, दुसऱ्याचं मोकळं टोक वळवून इंजिनवरच परत जोडायचं.

होज जुना, रबर लाकडासारखं झालेलं. ओढताना टोक चिरलं. सुरीने दोन बोटं रुंदीचा तुकडा कापून टाकला. वाकवून बसवताना मनगट गरम लोखंडाला लागलं. होज आवळणाऱ्या क्लॅम्पचा स्क्रू फिरेना, आटे गेलेले.

शेजारच्या टेम्पोचा ड्रायव्हर खाली उतरला. लातूरकडचा असावा. "काय पायजे भाऊ?"

"क्लॅम्प. आणि पाणी."

त्याने सीटखालून बाइंडिंग वायर काढली, वीस लिटरचा कॅन आणला. वायरचे चार वेढे देऊन पक्कडीने पिळले.

आता पाणी घालायचं. पण तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतलं तर त्याच्या वरच्या भागाला, हेडला, तडा जातो. थांबावं लागणार होतं. ती दहा मिनिटं मी बॉनेटपाशी उभा राहिलो. वहिनी साहेबांचे तळवे चोळत होत्या. टेम्पोवाला पुठ्ठ्याने वारा घालत होता.

अकरा अठ्ठावन्नला फडकं धरून झाकण सैल केलं. पाणी थोडं थोडं ओतलं. स्टार्टर मारला. बुडबुडे येऊन गेले, पातळी खाली गेली, पुन्हा भरलं. वायरखाली थेंब नव्हता.

"रिपोर्ट?" साहेब विचारत होते. आवाज जेमतेम.

"गाडी तयार आहे, साहेब."

"चल."

मोशीपुढे रस्ता मोकळा मिळाला. काटा निम्म्यावर थांबला. बारा चौतीसला हॉस्पिटलच्या दारात होतो. साहेब स्वतःच्या पायांवर उतरायला बघत होते, वॉर्डबॉयने स्ट्रेचरवर घेतलं.

तिसऱ्या दिवशी पहाटे ते गेले.

मी डॉक्टरांना विचारलं, अर्धा तास आधी आणलं असतं तर? ते म्हणाले, तसं सांगता येत नाही. मी पुन्हा विचारलं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि ते पुढच्या पेशंटकडे गेले.

तेराव्याला वहिनींपुढे बसलो आणि सांगितलं. आठवडाभर पाणी कमी होत होतं, मला माहीत होतं, मी बघितलं नाही.

वहिनींनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "त्यांना ठावं व्हतं. दवाखान्यात म्हनले, शिंद्यानं गळती आधी बघाया पायजे व्हती."

मी मान खाली घातली.

"आन म्हनले, त्याला रागवू नगं. रागवायचं काम माजं."

जेवणं झाल्यावर आमच्या युनिटचे पाच जण अंगणात एका ओळीत उभे राहिलो. कुणी हुकूम दिला नव्हता. सर्वांत जुन्याने वर्कशॉपमधल्या गेलेल्यांची नावं घेतली. नायक पवार, हिमस्खलनात. शिपाई गुरव, गाडी दरीत गेली तेव्हा. लान्स नायक तांबे, आजाराने. मग तो थांबला आणि त्याने माझ्याकडे बघितलं.

मी सावधान झालो आणि म्हणालो, "सुभेदार दत्तोबा कोंडे."