मावसांच्या गाडीवरचं सॉकेट

सावधपणाची स्पर्धा भरली तर माझे मावसा तिथं पहिले येतील; पण स्पर्धेच्या मांडवातली वायरिंग एकदा पाहिली की आतच जाणार नाहीत, बाहेर उभं राहून मांडववाल्याला जॉइंट कुठं उघडा राहिलाय ते सांगत बसतील. कुणाच्या घरी गेल्यावर माणसं आधी पाणी मागतात. मावसा मेन स्विच कुठं आहे ते विचारतात आणि तो समोर दिसेल अशा बेतानं बसतात. त्यांच्या सदऱ्याच्या एका खिशात विभूतीची डबी आणि दुसऱ्या खिशात जादा फ्यूज असतो. दोन्ही संकटाच्याच वेळी उपयोगी पडायच्या गोष्टी, म्हणून त्यांना त्यात काही वेगळं वाटत नाही.

हा सावधपणा जन्मापासूनचा नाही. मावसांचं घर वालूरचं, आणि धंदा आठवडी बाजारात परकर, ब्लाउजपीस, टॉवेल, टोप्या विकण्याचा. मोटारसायकलच्या मागच्या सीटवर कपड्यांचं हे एवढं गाठोडं बांधायचं आणि गावोगावचे बाजार धरायचे. थंडीच्या दिवसांत अंधार लवकर पडतो, बायकांना लाल कोणता आणि किरमिजी कोणता ते कळेना, म्हणून त्यांनी दुकानावर एक बल्ब लावला. वायर थेट गाडीच्या बॅटरीला, मध्ये फ्यूज नाही की काही नाही, आणि ती आणली सीटखालून. वर गाठोड्याचं वजन. ती वायर रोज थोडी थोडी सोलत गेली आणि पेडगावच्या बाजाराहून परतताना पेटली. गाडी कशीबशी वाचली, गाठोडं जळालं. मावसा गळ्यातलं इष्टलिंग मुठीत धरून रस्त्याच्या कडेला उभे होते, असं मागून आलेल्या जीपवाल्यानं सांगितलं.

त्या वर्षी मी त्यांच्याच घरी शिकायला होते. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. आई-वडील दुसऱ्याच्या शेतात राबायचे, आणि वालूरहून सेलूच्या कॉलेजला बस होती, म्हणून मला मावशीकडं ठेवलं होतं. गाठोडं जळाल्यावर त्या घरात चहातलं दूध गेलं, मग भाजीतलं तेल गेलं, मग कधी कधी भाजीच गेली. मावशी दिवसभर शिलाई मशीनवर लोकांचे परकर शिवायची. कापडाचे बारीक तंतू नाकातोंडात जायचे आणि तिचा दमा उसळायचा. पण ताटात माझी भाकर कधी कमी पडली नाही, आणि पोरीला परत पाठवू, असं त्या घरात कुणी हळू आवाजातही बोललं नाही. मी बी.ए. झाले ती त्या भाकरीवर. हे मी कुणालाही मान वर करून सांगते.

पुढं धंदा पुन्हा उभा राहिला, गाठोडं पुन्हा मागच्या सीटवर आलं. पण मावसा बदलले ते बदललेच. गाडीला किक मारण्याआधी ते खाली वाकून सीटखालचा वास घेऊ लागले. वालूरच्या लहान पोरांना बरेच दिवस वाटायचं की गाडी सुरू करायची रीतच ही असते. सीटखाली वास, टाकीपाशी वास, हँडलपाशी वास, मग नमस्कार, मग किक. वाटेत दर थोड्या अंतरावर थांबून ते वायरींना हाताची पालथी बाजू लावत, तापलेल्या लेकराच्या कपाळाला लावतात तशी. थंड लागली की पुढं.

माझं लग्न जमवायलाही हेच पुढं होते. मुलाकडच्यांना पगार, शेती, सोयरे हे सगळे विचारतात. मावसांनी मुलाला विचारलं, घरात शॉर्टसर्किट झालं तर काय करशील? तो बिचारा घाबरून म्हणाला, मेन बंद करीन आणि वायरमनला बोलावीन. मावसांनी तिथल्या तिथं बैठक संपवली. परतताना आईला म्हणाले, "पोरगं लय चांगलं हाय. जे कळत न्हाई त्यात हात घालत न्हाई." आज इतक्या वर्षांच्या संसारानंतर मला त्यांच्या पारखीत खोट काढता येत नाही.

आता सॉकेटचं. ते कशासाठी, हे आधी सांगितलं पाहिजे, कारण बाजारातल्या लोकांना वाटायचं की ते मोबाइल चार्ज करायला आहे. मावशीला बस लागायची. एसटीतला डिझेलचा वास आणि बंद खिडक्या, की तिचा श्वास कोंडायचा. त्यामुळं ती कुठं गेलीच नाही. आणि गाडीवर म्हणाल तर मागची सीट लग्नापासून गाठोड्याची. दवाखान्यापलीकडं ती त्या सीटवर कधी बसली नव्हती. तिची इच्छा एकच होती, कपिलधारला समाधीच्या दर्शनाला जायचं, आणि ते गाडीवर, यांच्या मागं बसून. लहानपणी वडिलांच्या खांद्यावरून तिनं ते पाहिलं होतं. मावसा नाही म्हणाले नाहीत. त्यांना जायचंच होतं. पण वाटेत दमा उसळला आणि औषधाची वाफ देणारं तिचं मशीन लावायला वीजच नसली तर? बीड जिल्ह्यातल्या रस्त्यावर अनोळखी माणसाच्या घरात शिरून प्लग मागायचा, आणि त्या घरातल्या वायरिंगचा भरोसा काय? तेव्हा गाडीवरच सॉकेट बसवायचं ठरलं. एकदा पोळलेला माणूस पुन्हा बॅटरीला हात घालणार होता, आणि तोही बायकोसाठी. मग ते काम किती दिवस चाललं असेल याची कल्पना करा.

पहिलं सॉकेट आलं तेव्हा त्याच्या पाकिटावर सगळं इंग्रजी. मी दिवाळीला गेले होते. मावसांनी ते माझ्यापुढं ठेवलं आणि म्हणाले, तू ग्रॅज्युएट हायस, वाच. मी वाचलं. त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. मग मी इंग्रजी वाचताना एखादा शब्द गाळत तर नाही ना, म्हणून बोट ठेवून वाचायला लावलं. शेवटी ठरलं ते असं. फ्यूज बॅटरीच्या अगदी अंगाला बसवायचा, म्हणजे वायर पुढं कुठंही सोलली तरी आधी फ्यूज जाईल. वायर जाड घ्यायची, सायलेन्सरपासून लांब न्यायची, आणि हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहायचं, कुठं ताणली तर जात नाही ना. मावसांनी ते हँडल इतक्या वेळा वळवलं की मावशी दारातून म्हणाली, "आवो, गाडीला चक्कर यायली असंल आता."

सॉकेट बसलं, आणि पावसाळा आला. सॉकेटला झाकण नव्हतं. मावसांनी ते काढून घरात ठेवलं. पावसाळा गेल्यावर रबरी झाकणाचं आणलं. मग शंका आली की गाडी बंद असताना कुणी पोरानं त्यात खिळा घातला तर? मग रिले बसवला, म्हणजे चावी फिरवल्याशिवाय सॉकेटमध्ये वीजच येणार नाही. तेवढ्यात वाफेच्या मशीनचं गणित निघालं. मावशीचं मशीन घरच्या विजेवर चालणारं, मोठं. ते चालवायला मध्ये इन्व्हर्टरचा डबा लागतो आणि तेवढा लोड त्या लहान गाडीला झेपणार नाही. तरी लावून पाहिलं. गाडीचा हेडलाइट मान टाकल्यासारखा मंद झाला. मावसांनी इन्व्हर्टर पुन्हा सोडून ठेवला, आणि कपिलधार आणखी एक वर्ष पुढं गेलं.

त्या वर्षभरात सॉकेट रिकामं बसून राहिलं असं मात्र नाही. बाजारात त्याची ख्याती पसरली. बांगड्यावाला, मिरचीवाली, बैल विकायला आलेला शेतकरी, सगळे आपापले मोबाइल घेऊन मावसांपुढं रांगेत. मावसा सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरसारखे एकेकाचा मोबाइल हातात घेऊन आधी चार्जर तपासत, मग मागून फुगलाय का पाहत. फुगलेला असला तर परत. एका पुढाऱ्याच्या चिरंजिवांचा फोन त्यांनी असाच परत केला. ते चिडून म्हणाले, ओ काका, कुणाचा फोन हाय माहीत हाय का? मावसा म्हणाले, "तुमचाच हाय, म्हणून खिशात ठिवू नका." ते वाक्य पुढं बाजारभर फिरलं.

मावशी हे सगळं बघत असायची. मी गेले की हसून म्हणायची, माय, बाजारातल्या समद्यांचे फोन भरले, माझी तेवढी बारी राह्यली. तेव्हा ते गमतीतच होतं.

मग मला परभणीला शाळेत नोकरी लागली. तिथल्या औषधाच्या दुकानात मुठीत मावेल एवढं वाफेचं मशीन मिळालं, मोबाइलच्या चार्जरवर चालणारं. ते घेऊन मी वालूर गाठलं. मावसांनी ते उलटसुलट केलं, पाकीट माझ्याकडून बोट ठेवून वाचून घेतलं, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं आता उद्याच निघणार. ते म्हणाले, आधी चाचणी घिऊ. चारठाण्याला जाऊन येऊ, जवळच हाय.

म्हणून आम्ही चारठाण्याला गेलो. पुढं मावसा आणि मावशी, मागं आमच्या गाडीवर मी आणि माझे मिस्टर. गाठोडं घरी ठेवलेलं. मावशीनं ठेवणीतली हिरवी साडी नेसली होती आणि डोक्यावरचा पदर दातांत धरला होता. सुरुवातीला तिचे दोन्ही हात मावसांच्या खांद्यांवर होते. मग एक खाली आला. पुढं पुढं तर ती एका हातानं शेतं दाखवत मावसांच्या कानात काहीतरी सांगत होती. मावसा वायर बघायला थांबले की ती उतरायचीच नाही. तुमी बघा, मी हितंच बसते, म्हणायची. जणू सीट सोडली तर पुन्हा मिळायचीच नाही.

चारठाण्याच्या जुन्या देवळांपाशी गाडी लावली. मावशीला दम लागला नव्हता. तिचा श्वास मी इतका मोकळा कधी पाहिला नव्हता. पण मावसांच्या तोंडाकडं बघून ती म्हणाली, थोडी वाफ घेते, छाती भरल्यावानी वाटायलीय. मला तिनं हळूच डोळा मारला. मावसांनी गाडी सुरू केली, मशीन सॉकेटला लावलं. मावशी दगडी पायरीवर बसून वाफ घेऊ लागली, आणि मावसा गाडीशेजारी गुडघ्यांवर बसून वायरीवर हाताची पालथी बाजू ठेवून राहिले. देऊळ बघायला आलेली माणसं आमच्याकडंच बघत होती. मशीन पूर्ण चालून थांबलं तरी मावसांचा हात तिथंच. मग म्हणाले, "थंड हाय. एकदम थंड."

मावशीनं मशीन बाजूला ठेवलं. म्हणाली, "मग आता हितूनच फुडं चला की कपिलधारला."

ती हसत होती, पण थट्टा करत नव्हती. माझे मिस्टर म्हणाले, काय हरकत आहे, एक मुक्काम वाटेत करा, आम्ही घरी निरोप देतो. मावसांनी गाडीकडं पाहिलं, सॉकेटकडं पाहिलं. मला क्षणभर वाटलं, निघतात. मग ते म्हणाले की परतीच्या वाटेवर वायर कशी राहते ते बघायला पाहिजे, एक पाऊस अंगावर गेला की झाकणाचाही भरोसा येईल, आणि दिवाळी झाली की हवाही बरी असते. मावशी पायरीवरून उठली. पदर नीट केला आणि मागं बसली.

दिवाळी झाली. त्या वर्षी थंडी लवकर पडली आणि मावशीच्या छातीत कफ भरला तो उतरलाच नाही. दवाखान्यात तिच्या उशाशी भिंतभर प्लग होते. मावसा त्यातल्या एकाकडंही बघत नव्हते, तिचा हात धरून बसले होते. संक्रांतीच्या आत मावशीला माती दिली.

मावसा अजून बाजार करतात. गाठोडं आता लहान असतं. लोक फोन घेऊन येतात, आणि ते अजून प्रत्येक फोन तपासून घेतात. कपिलधारला मी गाडी करून नेते म्हटलं तर नको म्हणतात. मागच्या महिन्यात मी गेले होते. ते अंगणात गाडी पुसत होते. मी काही विचारलं नव्हतं, तेच सांगू लागले, खाली बघत.

"त्या दिवशी वायर थंड होती गं बाई. म्या सोता हात लावून बघितलं हुतं. जायला पाह्यजे हुतं."

मी फडकं घेतलं आणि दुसऱ्या बाजूनं गाडी पुसू लागले.

त्या सॉकेटनं कधी काही पेटवलं नाही. कुठल्याही पावसात ते बिघडलं नाही. आणि माझी मावशी आयुष्यात एकदा आपल्या नवऱ्याच्या मागं गाडीवर बसून वालूरहून चारठाण्याला गेली, आणि चारठाण्याहून वालूरला परत आली.