त्रेसष्ट व्होल्टचा कंडेन्सर

वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. कन्नड मुलखातल्या आमच्या शहरात, शिवाजीनगरात मार्केटमागच्या गल्लीत त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. काचेचे व्हॉल्व्ह असलेले जुने रेडिओ लोकांच्या घरातून हळूहळू गेले, तसं दुकानही गेलं. मी सांगते आहे ती नव्वदच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. आई जाऊन दोन वर्षं झाली होती आणि जिन्यावरच्या दोन खोल्यांत अण्णा आणि मी असे दोघंच राहत होतो. मी यशवंतपूरच्या एका कारखान्यात तपासणी खात्यात होते. दिवसभर तयार झालेले सर्किट बोर्ड भिंगाखाली धरायचे, चूक सापडली की लाल चिठ्ठी लावायची, हे माझं काम.

अण्णांचे कान जवळजवळ गेले होते. रेडिओ ते इतका मोठा लावायचे की खालच्या मजल्यावरच्या अक्का जिन्यातून ओरडायच्या, "अण्णा, स्वल्प कमी करा हो!" ते ओरडणंही त्यांना ऐकू जायचं नाही. कानाचं यंत्र आणलं होतं. त्यात सगळं ताटल्या आपटल्यासारखं वाजतं म्हणून त्यांनी ते खणात टाकून दिलं. सकाळी साडेदहाला रेडिओवर शास्त्रीय गाणं लागायचं, तेवढं मात्र त्यांना हवं असायचं. कान रेडिओच्या जाळीला टेकवून ते वाकून बसलेले दिसले की मला बघवत नसे.

म्हणून मी हेडफोनचा अॅम्प्लिफायर करायला घेतला. कारखान्यातल्या एकानं कुठल्याशा मासिकातल्या सर्किटची झेरॉक्स दिली होती. ते व्हॉल्व्हवर चालणारं होतं आणि व्हॉल्व्ह आमच्याकडे होते, बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात, कन्नड वर्तमानपत्राच्या तुकड्यांत एकेक गुंडाळलेले. अण्णांनी डबा काढून दिला, बाकी काही केलं नाही. त्यांच्या दुकानात दोन माणसं तयार झाली, पण मला त्यांनी कधी साधा सोल्डरचा डाग द्यायला शिकवलं नव्हतं. मुलीनं असल्या भानगडीत पडू नये, असं त्यांचं म्हणणं. मी जे शिकले ते नोकरीत. टेबलावर माझं काम चालू असलं की ते खुर्चीत बसून बघायचे आणि मी वर पाहिलं की पेपरात डोकं घालायचे.

अॅम्प्लिफायर चालू झाला. अण्णांचे दुकानातले जुने हेडफोन होते, धातूची पट्टी आणि कापडी वेष्टनाची वायर असलेले. ते लावून ते गाणं ऐकू लागले. मला मात्र समाधान नव्हतं. एका व्हॉल्व्हनं मागे सतत घरघर चालायची. दुसरा घातला तर त्याला नखानं टिचकी मारली तरी कानात घंटा वाजायची. दर रविवारी मी एक काढून दुसरा घालून बघायचे. एका रविवारी डब्याच्या तळाशी वेगळ्याच जातीचे दोन सापडले. त्यांच्या पायांची रचना निराळी होती, म्हणून मी सॉकेटच्या वायरी बदलल्या, व्हॉल्व्ह बसवले, आणि आवाज आला तो असा स्वच्छ की मी हेडफोन काढून अण्णांच्या डोक्यावर ठेवले.

ते डोळे मिटून ऐकत राहिले. मग म्हणाले, "तानपुरा वेगळा ऐकू येतोय गं. हे ठेव. काढू नकोस."

पाच-सहा वर्षांत त्यांना तानपुरा वेगळा ऐकू आला नव्हता. मी त्या आनंदात झाकण लावलं आणि स्वयंपाकाला लागले. वीजदाब मोजायचा मीटर माझ्या पिशवीतच राहिला.

सोमवारी सकाळी कारखान्यात माझ्यासमोर बोर्डांचा नवा गठ्ठा आला. चौथ्या की पाचव्या बोर्डावर कुणीतरी चुकीचा कंडेन्सर लावला होता. निळा, करंगळीच्या पेराएवढा, वर छापलेलं ६३ व्होल्ट. त्या जागी दुप्पट ताकदीचा हवा होता. मी लाल चिठ्ठी काढली आणि हात तसाच राहिला.

घरच्या अॅम्प्लिफायरमध्ये मी अगदी हेच कंडेन्सर लावले होते. व्हॉल्व्हवरचा वीजदाब हेडफोनपर्यंत पोचू न देणं हेच त्यांचं काम. पहिल्या व्हॉल्व्हना त्या ठिकाणी पन्नास-पंचावन्न व्होल्ट असायचे, ते मी मोजले होते. नव्या जातीचे व्हॉल्व्ह कमी वीज ओढतात, म्हणजे दाब वर चढणार. मी कागदावर भराभर हिशेब केला. शंभराच्या वर येत होता. पुन्हा केला, तेवढाच आला. काल तासभर तो कंडेन्सर टिकला होता, म्हणजे आतून भाजून निघाला असणार. आज तो फुटला तर सगळा दाब सरळ हेडफोनमध्ये जाणार होता. आणि हेडफोन सत्तरी ओलांडलेल्या माणसाच्या डोक्यावर, धातूच्या पट्टीसकट, वायरचं कापड विरलेलं.

घड्याळात दहा वाजून दहा मिनिटं झाली होती.

आमच्याकडे फोन नव्हता. मी सुपरवायझरच्या टेबलावरून अक्कांना फोन लावला. पहिल्यांदा लागलाच नाही. दुसऱ्यांदा अक्कांनी उचलला. आमचं बोलणं नेहमी कन्नडातच चालायचं.

"अक्का, वर जा आणि अण्णांना सांगा, आज हेडफोन लावू नका. लगेच जा."

"गुडघा धरलाय गं माझा."

"अक्का, पाया पडते. जीवाचं काम आहे."

रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मी वाट पाहत राहिले. सुपरवायझर मान वर करून बघत होते. पलीकडे कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या. मग धापा टाकत अक्का आल्या.

"दार आतून लावलंय. किती ठोकलं, हाका मारल्या. त्यांना काय ऐकू येतंय?"

"मग जिन्याखाली मीटरचा बोर्ड आहे ना? त्यातला आमचा मेन स्विच खाली ओढा. वरची वीज बंद होईल."

"विजेला मी हात लावत नाही, बाई."

"अक्का, लाकडाची मूठ आहे त्याला. काही होत नाही. ओढा फक्त."

"सरी, सरी," म्हणजे बरं, बरं, असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

त्या करतील की नाही, याचा भरवसा मला वाटेना. मी सुपरवायझरना एवढंच म्हटलं की घरी वडिलांच्या जिवाला धोका आहे. त्यांनी दाराकडे हात केला. बाहेर रिक्षा मिळाली, पण रेल्वे फाटक पडलेलं. मालगाडी संपता संपेना. मी डबे मोजू लागले आणि मग थांबले. रिक्षावाल्यानं इंजिन बंद केलं होतं. त्याला म्हटलं चालू ठेवा. तो वळून म्हणाला, "इस्पितळात जायचंय का, ताई?" फाटक उघडल्यावर मात्र त्यानं रिक्षा अशी हाणली की मी दोन्ही हातांनी दांडी धरून बसले. सबंध वाटेत मी स्वतःला समजावत होते की अक्कांनी स्विच ओढला असेल. वीजच नाही म्हटल्यावर अण्णा गॅलरीत जाऊन बसले असतील.

आमच्या गल्लीत पोचले तेव्हा अक्का दारातच उभ्या होत्या. "ओढला गं," त्या म्हणाल्या. त्यांच्या मागे त्यांचं घर अंधारं होतं आणि वरून आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिव्याचा उजेड जिन्यात पडला होता. त्यांनी स्वतःच्याच घराची वीज बंद केली होती.

मी जिना चढले. वास अर्ध्या जिन्यातच आला, जळक्या कागदाचा आणि मासळीसारखा काहीतरी. दार मी लाथांनी वाजवलं. बऱ्याच वेळानं कडी सरकली.

अण्णा उभे होते. चेहरा पांढरा, उजवा तळहात उजव्या कानावर दाबलेला. हेडफोन जमिनीवर पडले होते. अॅम्प्लिफायरचा प्लग त्यांनी भिंतीतून उपटून काढला होता.

"शॉक लागला का? अण्णा, शॉक लागला?"

ते माझ्या ओठांकडे बघत राहिले. मग इतक्या मोठ्यानं बोलले की मी दचकले. "बॉम्ब फुटल्यासारखं झालं! आता काहीच ऐकू येत नाही! मी मोठ्यानं बोलतोय का?"

मी त्यांना खुर्चीत बसवलं, हात तपासले, कपाळ तपासलं. कुठं भाजलं नव्हतं. शॉक लागला नव्हता. पेपरच्या कडेला मी लिहिलं, "कंडेन्सर फुटला. माझी चूक." त्यांनी ते वाचलं आणि माझ्या हातातलं पेन घेऊन खाली लिहिलं, "मोजलं नव्हतंस?"

मी नकारार्थी मान हलवली. त्यांनी पेपरची घडी घातली.

संध्याकाळी कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तपासून सांगितलं की डावा कान होता तेवढा आहे. उजव्याचं आठवड्याभरात कळेल. परत येईल किंवा येणार नाही. नस आधीच थकलेली होती, तेव्हा दोष कशाचा किती हे सांगता येत नाही, असंही म्हणाले. त्यांनी मला धीर द्यायला म्हटलं असावं. मला त्यानं जास्तच कोंडल्यासारखं झालं.

पुढचे दोन दिवस अण्णा माझ्याशी बोलले नाहीत. मी रजा टाकली होती. रेडिओ कुणी लावला नाही. अॅम्प्लिफायर मोडून टाकायचा म्हणून मी पक्कड घेऊन बसले तर त्यांनी येऊन पक्कड काढून घेतली आणि खणात ठेवली.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी टेबलावर स्वतःचा जुना मीटर आणून ठेवला, चामड्याच्या पेटीतला. या मीटरला घरात कुणी हात लावायचा नाही, असा दंडक होता.

"चालू कर आणि मोज," ते म्हणाले. "प्रत्येक पाय. बोलू नकोस, लिही."

मी फुटलेला कंडेन्सर काढला, हेडफोन न लावता अॅम्प्लिफायर चालू केला आणि मोजत गेले. त्यांनी माझा डावा हात धरून तो माझ्या पाठीमागे नेऊन ठेवला; विजेवर एकाच हातानं काम करायचं, म्हणजे झटका छातीतून जात नाही. दाब एकशे आठ व्होल्ट निघाला. मी लिहिलेला आकडा बघून ते म्हणाले, "दुकानात असतीस तर त्याच दिवशी घरी पाठवलं असतं तुला." मग म्हणाले, "आणि दुसऱ्या दिवशी परत बोलावलं असतं."

मी नवे कंडेन्सर आणले, अडीचशे व्होल्टचे. हेडफोनची वायर बदलली, आणि हेडफोनच्या अलीकडे एक फ्यूज टाकला. सगळं जोडून झाल्यावर त्यांनी हात पुढे केला. मी हेडफोन दिले नाहीत. आधी मी लावणार, असं खुणेनं सांगितलं. ते रागावले, पण मी ऐकलं नाही. प्लग घातला, डोळे मिटले आणि पूर्ण एक तास रेडिओ ऐकत बसले. गाण्यात काय होतं ते मला आठवत नाही. मी फक्त त्या धडाक्याची वाट बघत होते. तो झाला नाही.

त्या आठवड्याच्या शेवटी मी कारखान्यातून परवानगी घेऊन सूर काढणारं छोटं यंत्र घरी आणलं. आधी अण्णांचा डावा कान तपासून घेतला, मग उजव्या कानावरच हेडफोन ठेवायला लावले आणि ऐकू आलं की बोट वर करा, म्हणून सांगितलं. आवाज अगदी लहान ठेवून खालच्या सुरापासून सुरुवात केली. बोट हललं नाही. आवाज थोडा वाढवला. ते समोरच्या भिंतीकडे बघत होते. आणखी थोडा वाढवला. मग त्यांचं बोट गुडघ्यावरून उचललं गेलं.

पुढचा सूर, आणि पुन्हा बोट वर. त्याच्या पुढच्यालाही. मधल्या सुरांपर्यंत ते जवळजवळ डाव्या कानाइतकंच ऐकत होते. त्याच्यावर मी सूर चढवत नेला तेव्हा मात्र बोट खालीच राहिलं. आवाज वाढवला तरी खालीच.

"वाजतंय का आता?" त्यांनी विचारलं.

"वाजतंय," मी म्हटलं. ते माझ्या ओठांवरून त्यांना कळलं.

"बरं," ते म्हणाले. हेडफोन काढून त्यांनी ते सारखे करून दोन्ही कानांवर बसवले आणि रेडिओची वायर अॅम्प्लिफायरला जोडून मागितली.