माइकपुढच्या बांगड्या

पडेगावच्या आमच्या स्टुडिओत आज दोन बारीक कंडेन्सर माइक आले. डबा उघडला, आतल्या नव्या स्पंजचा वास आला आणि बारा वर्षांपूर्वीची एक दुपार समोर उभी राहिली.

असाच पेनाएवढा माइक मी आईपुढं लावला होता. दवाखान्यात पडलेल्या अण्णांना तिची गौळण ऐकवायची होती. पण हे माइक लई तिखट कानाचे. तिचा हात जरा हलला की बांगड्या वाजायच्या.

"आई, बांगड्या काढ."

"नवरा दवाखान्यात हाय, आन् बांगड्या काढू व्हय?"

"बांगड्यांचा आणि तब्येतीचा काय संबंध?" घरातली पहिली पदवीधर मी, त्याच तोऱ्यात बोलले.

"लई शिकलीस बाई." तिनं हाताला साबण लावून एकेक बांगडी उतरवली. गाणं स्वच्छ आलं. त्या काचेच्या बांगड्या मात्र परत चढेनात. "राहू दे, उद्या कासाराकडून भरून घेईन," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच अण्णा गेले. गाणं त्यांनी ऐकलंच नाही.

बायका आईच्या बांगड्या फोडायला जमल्या, तर तिचे हात मोकळेच. चुलतीनं विचारलं, "आधीच कुणी काढायला लावल्या गं?"

"कुणी नाय. मीच काढल्या, कामात टोचत होत्या."

मी शेजारीच बसले होते. रडू येत नव्हतं, काहीच होत नव्हतं. बांगड्या काढल्यानं माणूस मरत नाही, हे मी आजही ठामपणे सांगते. त्या दिवशी फक्त "मी सांगितलं" एवढंच म्हणायचं होतं. ते मी म्हटलं नाही.