ओल कुठून येते

नवरा गेला, मूलबाळ नव्हतं, म्हणून ती भावाकडे परत आली. दादा म्हणाला, "घर तुझंच आहे," आणि तिला स्वयंपाकघरालगतची मागची खोली दिली. खाट टाकली की जेमतेम उभं राहता येईल एवढी. उशाकडची भिंत कायम ओली. हात लावला की पोपडे हातात यायचे, उशीला कुबट वास मारायचा.

"वरच्यांचे उद्योग," दादानं पहिल्याच दिवशी सांगितलं. वरच्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षिका एकट्या राहायच्या. सगळे त्यांना काकू म्हणत. त्या मुद्दाम फरशीवर पाणी सोडून देतात, यावर दादाची श्रद्धाच होती म्हणा ना. बोलणंचालणं बंद. जिन्यात समोर आल्या की तो त्यांना ऐकू जाईल असं काहीतरी बोलायचा. मागच्या खोलीला एकच खिडकी, तीही जिन्यावर उघडणारी. काकू जाता-येता कान देतात म्हणून त्यानं ती खिळे ठोकून बंद केली होती.

ती सूत रंगवायच्या कारखान्यात कामाला लागली. तिथे तिचं नावच 'कशावरून' पडलं. हौदातून निघालेली लडी नमुन्याशी ताडून बघणं हे तिचं काम. कोणी म्हणालं, "जमला रंग," की ही विचारणार, "कशावरून?" मग लडी वाळवणार, दारातल्या उजेडात धरणार, तेव्हा कुठे मान हलवणार. मुकादम वैतागायचा. पण ओलं सूत फसवतं, हे त्यालाही ठाऊक होतं.

घरात मात्र या शब्दाची सोय नव्हती. एकदा जेवताना ती सहज बोलून गेली, "दादा, पाणी वरूनच येतं कशावरून? भिंत वर तर कोरडी आहे."

दादाचा घास हातातच राहिला. "म्हणजे मी खोटं बोलतो?"

"तसं नाही रे..."

"ज्या घरात राहतो त्या घराची बाजू घ्यावी माणसानं."

वहिनीनं डोळ्यांनीच दटावलं. तिनं पुढचा घास घेतला. आपलेच दात, आपलेच ओठ.

खरं सांगायचं तर काकूच दोषी निघाव्यात, असं तिलाही वाटत होतं. मग दादा बरोबर ठरला असता आणि तिला सुखानं दोन घास खाता आले असते. पण हे वाटणंच तिला खुपायला लागलं. आपण हे खरं म्हणून मानतोय की सोयीचं म्हणून? रात्री त्या भिंतीकडे तोंड करून पडलं की जीव गुदमरायचा. कूस बदलायलाही जागा नव्हती.

शेवटी तिनं कारखान्यातून उरलेले दोन रंग मागून आणले. दादा कामावर गेल्यावर वर गेली. काकूंनी दार अर्धंच उघडलं. तिनं लाल रंग पुढे केला. "काकू, हा तुमच्या मोरीत आणि न्हाणीत ओता. माझ्या भिंतीवर उतरतो का बघू."

काकूंनी पुडी घेतली आणि तिच्यादेखत पाण्यात कालवून अर्धी मोरीत, अर्धी न्हाणीत ओतली.

भिंतीवर लाल काही आलं नाही. आणखी काही दिवस वाट पाहून तिनं निळा रंग आपल्याच स्वयंपाकघरातल्या मोरीत ओतला. दुसऱ्या दिवशी उशाकडची भिंत निळी.

तिनं दादाला हाताला धरून खोलीत नेलं. त्यानं डागावर बोट घासून पाहिलं. मग म्हणाला, "वरून ओतला असणार. तेवढ्या पोचलेल्या आहेत त्या."

"निळा मी ओतला, आपल्या मोरीत. त्यांना तर लाल दिला होता."

"त्यांना दिला होतास?" दादाचा आवाज चढला. "म्हणजे तू वर गेली होतीस?"

झालं. भिंत राहिली बाजूला. ती वर का गेली, कोणाला विचारून गेली, घरातल्या गोष्टी बाहेर का नेल्या, यावरच रात्र सरली. निळ्या डागाकडे त्यानं पुन्हा वळून पाहिलं नाही.

पुढच्याच आठवड्यात वहिनीनं दादाच्या पाठीमागे प्लंबर बोलावला. मोरीचा भिंतीतला पाइप कुजला होता, तो बदलला. वहिनीनं भिंतीला चुना फासला. "ह्यांना सांगू नकोस गं," एवढंच म्हणाली.

भिंत हळूहळू सुकली. एके दिवशी दादानं भिंतीवरून तळहात फिरवला आणि खूश होऊन म्हणाला, "बघितलंस? दम दिला तशी सुधारली बाई!"

तिनं तोंड उघडलं. शेजारी वहिनी उभी होती, चेहरा पांढराफटक. खरं बोलावं तर वहिनी तोंडघशी पडणार, न बोलावं तर काकू कायमच्या गुन्हेगार. ती स्वयंपाकघरात निघून गेली.

दुसऱ्या दिवशी ती वर गेली आणि काकूंना पाइपचं सगळं सांगितलं. काकू खुर्चीत बसल्या. "पहिल्यांदा मला खात्री होती गं, की माझं काही चुकत नाही," त्या म्हणाल्या. "पण रोज कोणी ओरडलं की वाटायला लागतं, असेलही आपलंच. मी फरशी धुणं सोडलं. नुसत्या ओल्या फडक्यानं पुसते."

त्यांनी डोळे पुसले आणि उठून नळ पूर्ण सोडला.

ती खाली आली तेव्हा दादा दारात उभा होता. "कोणाशी बोलत होतीस?"

"काकूंशी," ती म्हणाली.

तेव्हापासून दादा तिच्याशीही बोलत नाही. निरोप असला तर वहिनीकडून येतो. ती अजून त्याच खोलीत राहते. दुसरीकडे जायला जागा नाही.